ऐंद्रजालिकाची घडण

(१)

कथेंत आपण जें वाचतों तें घडलेलें नाहीं हें ठाऊक असूनहि आपण तिच्यांत रमतों. आणि त्याच कथेंतील एका पात्रानें दुसऱ्यास फसविलें म्हणजे त्या फसवणुकीची आपणांस चीड येते किंवा मौज वाटते. खोट्याच्या पोटांतील हें दुसरें खोटें म्हणजे साहित्यशास्त्रांतील एक नाजूक गांठ आहे. नाटकांत आणि कादंबरींत ती कशी सोडवितात याची चर्चा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही ती अशा ठिकाणीं पाहणार आहों, कीं जेथें मराठी टीकाकाराची दृष्टि सहसा जात नाहीं : गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेंत जन्मून देशोदेशीं पसरलेल्या एका कल्पनाखेळांत, आणि त्यांतहि ‘ऐंद्रजालिक’ नांवाच्या पात्रवर्गाच्या रचनेंत.

वाङ्मयाच्या मासिकांत खेळाची चर्चा कशाला, अशी शंका कोणी घेईल. तिला उत्तर इतकेंच कीं, ज्या खेळांत सोंगट्या नसल्या तरी चालतें पण बोलणें थांबलें कीं डाव थांबतो, तो खेळ वाङ्मयाच्या वेशीच्या आंतलाच म्हटला पाहिजे. त्याचे नियम म्हणजे एक प्रकारचें नाट्यशास्त्र आहे. आणि नाट्यशास्त्रावर टीका करण्याचा अधिकार टीकाकारास नेहमींच असतो.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. १९७४ सालीं विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनीव्हा या गांवीं तो तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. छोटे शिपाई मांडून खेळावयाच्या युद्धखेळांत त्याचें मूळ आहे. गायगॅक्स व जेफ पेरेन यांची १९७१ मधील ‘चेनमेल’ ही नियमपुस्तिका त्याची निकटची पूर्वज. पण युद्धखेळांत एक माणूस सबंध पलटण हलवितो, तर येथें एक माणूस एकाच पात्राचें सोंग घेतो. चार-पांच मंडळी टेबलाभोंवतीं बसतात. त्यांतील एकजण जगाचें वर्णन करतो, शत्रु, पहारेकरी, वाणी-उदमी यांच्या तोंडचें बोलतो आणि नियमांचा निवाडा करतो. त्यास तिकडे ‘डन्जन मास्टर’ म्हणतात. आम्ही सूत्रधार म्हणूं. बाकीचे आपापलें पात्र काय करतें तें सांगतात. जेथें फळ अनिश्चित तेथें फासे पडतात; त्यांतला मुख्य फासा वीस बाजूंचा. प्रत्येक पात्राला एक वर्ग असतो : योद्धा, चोर, पुरोहित, मांत्रिक. वर्ग म्हणजे त्या पात्राला काय साधतें व काय साधत नाहीं याची सनद. अनुभवानें पात्र एकेक पातळी चढतें, आणि सनदेंत नवीं कलमें पडतात.

पुस्तकांतले वर्ग अपुरे वाटले म्हणजे खेळाडू घरीं बसून नवे रचतात. अशा रचनेस ते ‘होमब्रू’, म्हणजे घरीं आंबविलेली बीअर, असें थट्टेचें नांव देतात. जानेवारी २०२३ मध्यें प्रकाशकांनीं पांचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांचा संग्रह क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालीं खुला केल्यापासून या घरगुती उद्योगाला कायद्याचा आधारहि मिळाला आहे. ऐंद्रजालिक तर जन्मानेंच या जातीचा. मूळच्या तीन पुस्तिकांत हा वर्ग नव्हता. पीटर अ‍ॅरोन्सन यांनीं १९७५ च्या हिंवाळ्यांत ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्रिकेच्या चौथ्या अंकांत लेख लिहून तो मांडला, आणि जून १९७६ मध्यें निघालेल्या ‘द ड्रॅगन’ मासिकाच्या पहिल्याच अंकांत त्यांत भर घातली. तेव्हां आज जो कोणी नवा ऐंद्रजालिक रचावयास घेतो तो परंपरा मोडीत नसून पाळीत असतो. मात्र त्यानें काय पाळावें आणि काय टाळावें, याचा विचार झालेला बरा.

(२)

मांत्रिकानें अग्निगोल फेकला म्हणजे पुढचें सारें अंकगणित असतें. २०१४ च्या पांचव्या आवृत्तीप्रमाणें सहा बाजूंचे आठ फासे टाकावयाचे, शत्रु चपळाईनें अंग चोरून वांचला तर बेरीज निम्मी करावयाची, आणि ती त्याच्या प्राणांकांतून वजा करावयाची. येथें सूत्रधाराच्या मर्जीचा संबंध येत नाहीं. आतां ऐंद्रजालिकानें त्याच जागीं आगीचा नुसता आभास उत्पन्न केला असें समजा. पहारेकरी पळेल काय? पाण्याची घागर आणावयास धांवेल काय? कीं धग लागत नाहीं हें ओळखून हंसेल? याचें उत्तर अग्निगोलाच्या हिशेबांत नाहीं. तें पहारेकऱ्याच्या मनांत आहे. आणि पहारेकऱ्याला स्वतःचें मन नाहीं. त्याचें मन म्हणजे सूत्रधाराचें मन. आणि सूत्रधाराला ती आग खोटी असल्याचें पहिल्यापासून ठाऊक आहे!

ऐंद्रजालिकाच्या रचनेंतील मुख्य अडचण ती ही. सूत्रधार उदार असला तर हा वर्ग सर्वसमर्थ होतो : एका मंत्रांत फौज पळते, राजे शरण येतात, आणि बिचारा योद्धा तलवार पुशीत बसतो. सूत्रधार कृपण असला तर प्रत्येक शिपाई तार्किक बनतो, प्रत्येक कुत्रें संशयी होतें, आणि ऐंद्रजालिकाचा खेळाडू दोन महिन्यांत दुसरें पात्र मागूं लागतो. एकाच पुस्तकांतील एकच सनद, पण एका घरीं ती राज्य देते आणि दुसऱ्या घरीं भिक्षापात्र. जी सनद वाचणाराच्या स्वभावावर इतकी अवलंबून राहते ती सनद नव्हे, अर्ज होय.

खरें पाहिलें असतां गोष्ट याहूनहि खोल आहे. या खेळांत खरा अजगर आणि मायेचा अजगर यांत द्रव्याचा भेद नाहीं. दोन्ही शब्दांचेच बनलेले. भेद इतकाच कीं, खऱ्या अजगराचे शब्द सूत्रधाराच्या तोंडून येतात आणि खोट्याचे खेळाडूच्या तोंडून. योद्धा सूत्रधाराच्या जगांत तलवार चालवितो. चोर त्या जगांतलें कुलूप उघडतो. पण ऐंद्रजालिक क्षणभर सूत्रधाराच्या हातांतली लेखणीच मागतो. ‘येथें भिंत आहे’ असें म्हणण्याचा हक्क टेबलाभोंवतीं एकाचाच असतो, आणि हा दुसरा मनुष्य तेंच वाक्य उच्चारूं पाहतो. म्हणून या वर्गाची चर्चा नेहमीं कर्कश होते. ती वरवर मंत्रांविषयीं असते. आंतून ती कर्तृत्वाच्या वांटणीविषयीं असते. कथा कोणाची, हा प्रश्न दुसऱ्या कोणत्याहि वर्गाच्या रचनेंत इतक्या उघडपणें पुढें येत नाहीं.

(३)

कोलरिजनें १८१७ सालीं असें प्रतिपादिलें कीं, काव्यावर श्रद्धा ठेवतांना वाचक आपला अविश्वास आपण होऊन बाजूस ठेवतो. हा सिद्धांत खेळाडूंना लागू पडतो, पहारेकऱ्याला पडत नाहीं. कारण पहारेकऱ्यानें अविश्वास बाजूस ठेवलेला नसतो, त्याला तो सुचूंच द्यावयाचा नसतो. या दोन प्रकारच्या विश्वासांत घोंटाळा केल्यामुळें बऱ्याच रचना फसल्या आहेत.

आपल्याकडील शास्त्रकारांनीं हा भेद अधिक बारकाईनें पाहिला आहे. शंकुकानें चित्रांतील घोड्याचा दृष्टांत दिला. चित्रांतला घोडा पाहून होणारें ज्ञान खरें नव्हे, खोटें नव्हे, संशयाचें नव्हे आणि सादृश्याचेंहि नव्हे. तें या चारांहून निराळें आहे. टेबलाभोंवतीं बसलेल्या मंडळींचें ज्ञान हें असें असतें. पहारेकऱ्याचें ज्ञान मात्र वेदांत्यांच्या दोरीवरील सापासारखें. जोंपर्यंत दिवा येत नाहीं तोंपर्यंत तो सापच आहे, आणि दिवा आला कीं तो कधींच नव्हता. दोरीचा साप चावत नाहीं; परंतु त्याला पाहून दचकलेला मनुष्य खरोखरीच विहिरींत पडूं शकतो. ऐंद्रजालिकाच्या वर्गाचें बीज या शेवटच्या वाक्यांत आहे असें आमचें मत आहे.

हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेचा चौथा अंक या दृष्टीनें अभ्यासण्याजोगा आहे. त्यांत ऐंद्रजालिक अंतःपुराला आग लागल्याचा देखावा उभा करतो. त्या आगीनें एक दोराहि जळत नाहीं. पण राणीनें बंदींत ठेवलेली सागरिका आंत आहे या जाणिवेनें राणीच व्याकुळ होते, राजा ज्वाळांत शिरतो, आणि जी गोष्ट कोणाच्याहि मनधरणीनें झाली नसती ती घडून येते. आग खोटी, पण धांवणें खरें; भय खोट्याचें, पण उघड झालेलें प्रेम खरें. मायेचें फळ जखमेंत मोजावयाचें नसतें, तें कृतींत मोजावयाचें असतें, याहून चांगला दाखला कोणत्याहि नियमपुस्तकांत सांपडणार नाहीं.

महाभारतांतील मयसभेचा प्रसंग आणखी एक गोष्ट शिकवितो. दुर्योधन स्फटिकाच्या भूमीला पाणी समजून वस्त्रें सावरतो, तेव्हां तो केवळ हास्यास्पद होतो. पण पुढें खऱ्या पाण्याला जमीन समजून तो त्यांत पडतो, तेव्हां तो भिजतो. पहिल्या भ्रमानें त्याला भिजविलें नाहीं. पहिल्या भ्रमानें उत्पन्न केलेल्या गैरविश्वासानें भिजविलें. एकदां फसलेला मनुष्य पुढें सत्यालाहि विटाळ मानूं लागतो. हें शस्त्र ऐंद्रजालिकाच्या हातांत द्यावें असें फार थोड्या रचनाकारांस सुचलेलें दिसतें.

(४)

आतां या कसोट्यांवर छापील रचना पाहूं.

१९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्यें ऐंद्रजालिक हा मांत्रिकाचा उपवर्ग म्हणून आला. त्यासाठीं बुद्धि किमान १५ आणि हस्तलाघव किमान १६ असावें अशी अट होती. मांत्रिकाच्या मंत्रांच्या नऊ पायऱ्या, तर याच्या सात. पण त्याची मंत्रांची यादी स्वतंत्र. जो मूलभूत आभासमंत्र मांत्रिकाला तिसऱ्या पायरीवर मिळे, तो याला पहिल्याच पायरीवर मिळे. ही रचना आम्हांस आजहि मार्मिक वाटते. हाताच्या चलाखीची अट घालून तिनें या पात्राला मांत्रिकापेक्षां जादूगाराच्या कुळांत नेऊन बसविलें, आणि स्वतंत्र यादी देऊन त्याला स्वतःची भाषा दिली.

पण तिच्यांत एक बीजदोषहि होता. त्या पुस्तकाप्रमाणें आभासावर विश्वास ठेवणाऱ्यास आभासाच्या बाणांनीं खरी इजा होत असे. दोरीचा साप चावूं लागला! वरच्या पायऱ्यांवर तर छायेचे राक्षस आले, आणि त्यांचा खरेपणा शेकड्यांत सांगितलेला : पहिल्या मंत्रांत वीस टक्के, पुढच्यांत चाळीस, त्याच्या पुढें साठ. दुधांत पाणी किती याचा हिशेब गवळ्याकडे शोभतो; मायेंत सत्य किती याचा हिशेब पाहून मात्र हंसूं येतें. सातव्या पायरीवर वास्तवच बदलणारा मंत्र ठेवलेला होता. म्हणजे जो वर्ग भ्रमाच्या कलेसाठीं निर्माण झाला त्याचा परमोच्च बिंदु भ्रम सोडून देण्यांत मानला गेला.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीनें ऐंद्रजालिकाचें स्वतंत्र घर मोडलें. मंत्रविद्येच्या आठ शाखा करून त्यांतील एका शाखेचा विशेषज्ञ एवढेंच त्याचें स्थान उरलें. प्रत्येक पायरीवर एक मंत्र अधिक, आणि मोबदल्यांत तीन शाखा वर्ज्य. कारभाराच्या सोयीचें हें असेल. परंतु एक नट होता तो एका खात्याचा कारकून झाला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीनें निदान विवेचनाची बाजू सांवरली. आपल्या आलंकारिकांना आवडावी अशा रीतीनें तिनें मायेचे पांच भेद केले : बाहेर दिसणारा निखळ आभास, असलेल्या वस्तूचें बदललेलें रूप, मनास भुलविणारी आकृति, केवळ पाहणाराच्या मनांत उमटणारी भीति, आणि छायेपासून घडविलेलें अर्धसत्य. निखळ आभासानें कोणास इजा होत नाहीं, तो भिंतीसारखा भार सोसत नाहीं, हें तिनें स्पष्ट सांगितलें. या खेळाच्या इतिहासांत मायेची इतकी स्वच्छ व्याख्या पूर्वीं झाली नव्हती.

२०१४ च्या पांचव्या आवृत्तींत सामान्य आभासांना स्पर्श झाला कीं भ्रम फुटतो, किंवा पाहणाऱ्यानें आपली एक कृति खर्चून बारकाईनें तपासलें आणि फासा अनुकूल पडला तर फुटतो. हा नियम सुटसुटीत आहे. पण चौदाव्या पातळीवर पुनः तोच जुना मोह : आपल्या आभासांतील एक निर्जीव वस्तु ऐंद्रजालिकानें एक मिनिट खरी करावी. दरीवर पुलाचा आभास करून सोबत्यांना त्यावरून पार न्यावें, असें उदाहरणहि पुस्तकांत दिलें आहे. २०२४ च्या आवृत्तींत हें कलम राहिलेंच. शिवाय सहाव्या पातळीवर मायेचे प्राणी बोलावण्याची सोय झाली, आणि निम्म्या प्राणांकांचे कां होईनात, ते लढतात. छायेचे राक्षस दुसऱ्या दारानें परत आले.

असें पुनःपुनः कां व्हावें? आमच्या मतें कारण एकच. या खेळाचें चलनी नाणें प्राणांक हें आहे. ज्या कलेचें फळ त्या नाण्यांत मोजतां येत नाहीं ती कला दरिद्री दिसते, आणि रचनाकार दयेनें तिच्या पदरांत थोडें सत्य टाकतो. ही दया अपमानकारक आहे. खरा पूल बांधणें हें गवंड्याचें काम. खोट्या पुलावर शत्रूला पाऊल टाकावयास लावणें हें ऐंद्रजालिकाचें.

(५)

तर मग घरीं बसून हा वर्ग रचणाऱ्यानें काय करावें? नुसतें खंडन करून थांबणें हें टीकाकारास शोभत नाहीं. म्हणून पांच कलमें सुचवितों. तीं पांचव्या आवृत्तीच्या चौकटींत बसतील अशींच आहेत.

पहिलें कलम : कारणावांचून संशय नाहीं. सूत्रधारानें कोणाहि पात्राकडून आभासाची तपासणी करवावयाची असेल तर त्यानें त्या पात्राला दिसणारें एक कारण मोठ्यानें सांगावें. ‘भिंत काल नव्हती’, ‘अस्वलाच्या पावलांचा आवाज नाहीं’, ‘पाऊस पडत असून ज्वाळा डुलत नाहींत’, अशा प्रकारचें. सूत्रधाराला स्वतःला ठाऊक आहे हें कारण नव्हे. या एका नियमानें पहारेकऱ्याला स्वतःचें मन मिळतें. शिवाय खेळाडूलाहि शिक्षण मिळतें. कारण पुढच्या खेपेस तो पावलांचा आवाज विसरत नाहीं.

दुसरें कलम : विश्वासाचें माप आधीं ठरवावें. तीन प्रश्न विचारावे. पाहणाराच्या मनांत अशा वस्तूची अपेक्षा किंवा भीति आधींच आहे काय? त्या अंतरावरून ज्या इंद्रियांना ती जाणवावी त्या सर्वांना आभास पुरा पडतो काय? पाहणारा घाईंत आहे काय? तिन्ही उत्तरें ‘होय’ असतील तर तपासणाऱ्यानें वीस बाजूंचे दोन फासे टाकून लहान अंक घ्यावा. तिन्ही ‘नाहीं’ असतील तर मोठा घ्यावा. मिश्र असतील तर एकच फासा टाकावा. याचा परिणाम आंकड्यांनीं पाहूं. पहिल्या पातळीच्या, १६ बुद्धीच्या ऐंद्रजालिकाच्या आभासाची कठीणता आठ अधिक दोन अधिक तीन, म्हणजे १३ होते. साधारण बुद्धीच्या शिपायाला एका फाशानें ती भेदण्याचा संभव शेंकडा ४०. लहान अंक घ्यावा लागला तर तो १६ वर उतरतो. मोठा घेतां आला तर ६४ वर चढतो. म्हणजे प्रसंग ओळखून केलेला आभास आणि वेळकाळ न पाहतां केलेला आभास यांत चौपट अंतर पडतें. औचित्य हा काव्याचा प्राण आहे असें क्षेमेंद्रानें मानलें. येथें तें औचित्य फाशांवर उमटतें. सूत्रधाराच्या मेहेरबानीची जागा खेळाडूच्या जाणतेपणानें घेतली कीं अर्जाची पुनः सनद झाली.

तिसरें कलम : फळ वेळांत मोजावें. या खेळांतील लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते, आणि प्रत्येकास तींत मुख्य कृति एकच करतां येते. जो शत्रु आभास तपासण्यांत ती कृति खर्च करतो त्यानें, भ्रम ओळखला तरी, तलवार चालविलेली नसते. चार शिपायांनीं चार कृति खर्चिल्या तर ऐंद्रजालिकानें चार वार परतविले असेंच म्हटलें पाहिजे. यासाठीं त्याला खऱ्या इजेची भीक घालावयास नको; उलट वरच्या पातळ्यांवर एकाच मंत्रानें अधिक जणांचा अधिक वेळ चोरतां यावा, अशीं कलमें घालावीं. अग्निगोल प्राण घेतो. आभास क्षण घेतो. लढाईंत दोन्हींची किंमत सारखीच असूं शकते.

चौथें कलम : सत्यावर मायेचा मुलामा. सहाव्या-सातव्या पातळीच्या सुमारास ऐंद्रजालिकाला दुर्योधनाचें पाणी मिळावें. ज्या शत्रूनें त्याचा एक आभास ओळखला आहे, त्याच्यापुढील एखाद्या खऱ्या वस्तूला ओबडधोबड आभासाचें रूप देतां यावें. खरी खाई किंचित् थरथरणारी, कडा पुसट झालेली अशी दिसावी. शत्रूनें शहाणपणानें हंसावें आणि पाऊल टाकावें. यांत इजा खरी होते, पण ती खाईची. मायेनें आपला धर्म सोडलेला नसतो. शिवाय भ्रम फुटणें ही आजवर ऐंद्रजालिकाची हार असे, ती या कलमानें पुढच्या डावाची तयारी होते.

पांचवें कलम : शिखरावर सत्य नव्हे, साक्ष असावी. शेवटच्या पातळ्यांवर पूल खरा करण्याऐवजीं असें असावें, कीं ज्यानें एकदां आभासावर पूर्ण विश्वास ठेवला तो दुसऱ्यांपाशीं त्याची ग्वाही देतो, आणि ती ग्वाही ऐकणाऱ्याला तपासतांना दोन फाशांतील लहान अंक घ्यावा लागतो. ऐंद्रजालिक गांवांतून निघून जावा आणि त्यानें दाखविलेला राक्षस गांवकऱ्यांच्या तोंडीं जिवंत राहावा. समाजांत खोटें याच रीतीनें पसरतें. तें खरें होत नाहीं, पण त्याला वकील मिळतात. ही शक्ति पूल बांधण्याहून मोठी आहे आणि भयंकरहि आहे, म्हणून ती शिखरावरच शोभेल.

या कलमांना एक पथ्य जोडावें लागेल. जेथें मन नाहीं तेथें माया नाहीं. हाडांचे सांगाडे, आकारहीन चिखलासारखे प्राणी, ठरल्या वाटेनें फिरणारीं यंत्रें यांना अपेक्षा नसते, भीति नसते, घाई नसते. त्यांच्यापुढें ऐंद्रजालिक हतबल असावा. घरगुती रचनाकार बहुधा ही उणीव बुजवावयास धांवतो, आणि मग अग्निगोलालाच भ्रमाचें नांव देऊन मोकळा होतो. तसें करूं नये. ज्याला कोठेंच कमीपणा नाहीं त्याला स्वभावहि नसतो. सांगाड्यांच्या तळघरांत योद्ध्याच्या पाठीशीं उभा असलेला ऐंद्रजालिकच पुढें राजदरबारांत योद्ध्याला पाठीशीं घालतो. सोबत्यांचें नातें अशाच देवघेवींतून जुळतें.

(६)

याविरुद्ध दोन आक्षेप संभवतात.

एक पक्ष म्हणेल, कल्पनेला कलमांत कोंडूं नका. सारें सूत्रधारावर सोडा. हा पक्ष उदार दिसतो, पण त्याच्या औदार्याचा लाभ सूत्रधारालाच मिळतो. भरतानें रंगभूमीचे कक्ष्याविभाग सांगितले; पात्रानें रंगावर कांहीं पावलें फिरलें म्हणजे तें दुसऱ्या स्थळीं गेलें, असा संकेत ठरविला. या संकेतानें नट बांधला गेला नाहीं; एका चौथऱ्यावर त्याला वन, नगर आणि राजवाडा मिळाला. संकेत नसता तर प्रत्येक प्रयोगांत प्रेक्षकाची मनधरणी करावी लागली असती. खेळांतहि तसेंच आहे. नियम हा दुर्बळ खेळाडूचा आधार असतो. बोलका, हजरजबाबी खेळाडू कोणत्याहि टेबलावर आपली माया विकून घेईल. पण घरीं भिडस्त असलेल्या मुलालाहि एखादे दिवशीं गारुडी व्हावेंसें वाटलें तर त्याच्या हातीं सनद असली पाहिजे.

दुसरा पक्ष म्हणेल, चौदाव्या पातळीवर पूल खरा होतो तेव्हां खेळाडूंना जो आनंद होतो तो तुम्ही कां हिरावतां? आनंद होतो हें खरें. बहुत दिवस खोटें बोलत आलेल्या मनुष्याचा एक शब्द खरा ठरावा यांत काव्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. आणि त्या खऱ्या झालेल्या वस्तूनें कोणास प्रत्यक्ष इजा होऊं नये, अशी मर्यादा घालण्याइतका विवेक त्या कलमाच्या कर्त्यांनीं दाखविला आहे. पण तो आनंद एका क्षणाचा आहे, आणि त्याची किंमत सबंध वर्गाला द्यावी लागते. कारण त्यानें असें ध्वनित होतें, कीं आधींच्या तेरा पातळ्यांवरील माया ही सत्य न मिळाल्यामुळें पतकरलेली गरिबी होती. कलेच्या शेवटच्या पायरीवर कलेचीच लाज वाटूं लागली तर त्या जिन्याचा उपयोग काय?

एक गोष्ट मात्र कोणत्याहि कलमांत बसत नाहीं आणि तिच्यावर सर्व अवलंबून आहे. ऐंद्रजालिकाच्या खेळाडूनें पहारेकऱ्यास फसवावें, सूत्रधारास कधींहि फसवूं नये. आपल्या मनांत काय आहे, कोणता आभास कशासाठीं, हें त्यानें सूत्रधाराला आधीं स्वच्छ सांगावें. कित्येक खेळाडू आपला बेत झांकून ठेवतात, आणि सूत्रधार आडवा येईल या भयानें त्याला अर्धवट सांगतात; मग तो खरोखरच आडवा येतो. लेखणी उसनी घेणाऱ्यानें धन्याशीं प्रामाणिक असावें. रंगमंचावर इयागो ऑथेल्लोला फसवितो, पण दोघेहि नट एकाच संहितेवरून पाठ करतात. त्यांच्यांत कपट शिरलें तर नाटक बंद पडेल. मायेचा खेळ ज्या टेबलावर चालतो त्या टेबलावर एरवींपेक्षां अधिक सचोटी लागते, हा या विषयांतील सर्वांत विलक्षण भाग आहे.

ऐंद्रजालिकाचा वर्ग हा या खेळाच्या कर्त्यांच्या श्रद्धेची परीक्षा पाहतो. बोललेल्या शब्दानें मनुष्य हलतो यावर ज्यांचा विश्वास आहे, ते मायेला मायाच राहूं देतील. ज्यांचा नाहीं, ते तिच्या पदरांत टक्केवारीनें सत्य टाकीत बसतील. पन्नास वर्षांच्या छापील आवृत्त्या बहुधा दुसऱ्या बाजूस झुकलेल्या आहेत. म्हणूनच घरीं बसून कागदावर नवीं कलमें मांडणाऱ्या अनामिक रचनाकाराकडून आमची अपेक्षा अधिक आहे. त्याला कोणताहि माल खपवावयाचा नाहीं. चार मित्रांची एक संध्याकाळ चांगली जावी एवढाच त्याचा हेतु असतो. त्यानें आपल्या ऐंद्रजालिकाला पूल बांधावयास शिकवूं नये. दरीच्या कांठावर उभें राहून ‘येथें पूल आहे’ हें वाक्य कसें उच्चारावें, एवढेंच शिकवावें.